चार वाजताचे ठोके

"आई, बाबा रोज चार वाजता कुठे जातात गं?"

बेंगळुरूहून तेजूचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून मी म्हटलं, वाचनालयात जातात, महिना होत आला. तिथं काय करतात, असं तिनं विचारलं. वाचनालयात माणूस दुसरं काय करणार, पेपर वाचत असतील, असं मी सांगितलं.

"मग पेपर वाचताना त्यांचे ठोके एकशे अडतीसवर कसे जातात?"

मेथीची काडी माझ्या हातातच राहिली. तेजू सांगत होती ते असं. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांची सगळी खबर तिच्या फोनवर पाठवायचं. घड्याळ देतानाच तिनं तशी सोय करून ठेवली होती. एरवी ती अधूनमधून नजर टाकायची. त्या आठवड्यात निवांत बसून पाहिलं, तर सोमवार सोडून रोज चार वाजता ठोके एकदम चढायचे आणि पावणेपाचला उतरायचे. आधी तिला वाटलं, फिरायला जात असतील, टेकडी चढत असतील. पण त्या पाऊण तासातली पावलं होती शून्य.

"म्हणजे एका जागी बसून त्यांची छाती धडधडते. तू नर्स होतीस. तूच सांग काय असेल ते."

सत्तावीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. बसल्या जागी ठोके वाढण्याची कारणं मला पाठ होती आणि त्यातलं एकही मला आवडणारं नव्हतं. पण सोमवारी सुट्टी घेणारा आजार माझ्या पाहण्यात कधी आला नव्हता.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. हे, म्हणजे माझे यजमान विश्वासराव थोरवडे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराडच्या स्टँडवर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार आणि किती वाजता सुटणार हे माईकवरून सांगणारा आवाज पंधरा वर्षं यांचा होता. हातात चावीचं घड्याळ असायचं. रोज सकाळी सहा वाजता त्याला अकरा वेळा चावी द्यायचे. बारावी कधी दिली नाही आणि दहावर कधी थांबले नाहीत. निवृत्त झाले तरी घड्याळ तेच होतं आणि शिस्तही तीच. सकाळचा चहा सहा वीसला नाही आला तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत, फक्त मनगटाकडे बघायचे.

मग पाडव्याला तेजू आणि जावई आले आणि त्यांनी यांना ते नवं घड्याळ दिलं. काळी चौकोनी काच, वर बोट फिरवलं की चित्रं पळायची. यांनी पहिला प्रश्न किमतीचा विचारला. तेजू सांगत नव्हती, पण जावई भोळे, त्यांच्या तोंडून अडतीस हजार असं निघून गेलं. त्यावर यांनी घड्याळ मनगटावरून काढलं, डबीत ठेवलं आणि डबी माझ्या पाटल्यांच्या शेजारी कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोन दिवस ते तिथंच होतं, तिसऱ्या दिवशी मनगटावर चढलं. माझा भाऊ अनंता पाडव्याला जेवायला होता. तो म्हणाला, वेळच बघायची तर ती पाचशे रुपयांच्या घड्याळातही तेवढीच दिसते. जावई म्हणाले, मामा, वेळ दाखवणं हे यातलं सगळ्यात किरकोळ काम आहे. तो वाद पुरणपोळीपासून ताकापर्यंत चालला आणि कुणाचंच कुणाला पटलं नाही.

सर्वांत जास्त घोर लागला तो शेजारच्या कोळेकर भाऊजींना. त्यांनाही तसलं घड्याळ घ्यायचं होतं. पण कोळेकर म्हणजे मिक्सर घ्यायला दसऱ्याला निघून गुढीपाडव्याला घरी येणारा माणूस. ते रोज सकाळी कुंपणापलीकडून विचारायचे, "वहिनी, घेण्यासारखं आहे का?" मी म्हणायचे, बघू, अजून कळत नाही.

खरं तर मला कळायला लागलं होतं. ज्या माणसानं दिवसाला तीनशे गाड्या हलवल्या, त्याला आता ते घड्याळ हलवत होतं. पूर्वी सकाळी उठून हे म्हणायचे, छान झोप लागली. आता उठल्यावर आधी घड्याळाला विचारायचे आणि सांगायचे, झोप चौसष्ट टक्के झाली. मग दिवसभर छत्तीस टक्के पेंगत राहायचे. फार वेळ बसून राहिलं की ते घड्याळ मनगटाला गुदगुल्या करायचं, म्हणजे उठून उभे राहा. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेत एका जुन्या सहकाऱ्याची शोकसभा होती. भाषण ऐन रंगात आलेलं असताना यांच्या मनगटाला गुदगुल्या झाल्या आणि हे उभे राहिले. शेजारच्यांना वाटलं, श्रद्धांजली सुरू झाली. तेही उभे राहिले. त्यांचं बघून मागच्या रांगा उठल्या. बोलणारे गृहस्थ वाक्य अर्ध्यावर सोडून मान खाली घालून उभे राहिले. दोन मिनिटांनी सगळे बसले आणि चहा आला. ते भाषण राहिलं ते राहिलंच.

मी माझं घड्याळ बदललं नाही. माझंही चावीचं, पण सेकंदकाटा मोठा, लाल. सत्तावीस वर्षं त्याच्यावर नाड्या मोजल्या. माझं म्हणणं असं होतं की माणसाचं दुखणं बोटाला कळतं, काचेला काय कळणार? आणि आता त्या काचेनं बेंगळुरूला जे कळवलं होतं, ते इथं एका छपराखाली राहून मला कळलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी हे पाच वाजता घरी आले. चहा देता देता मी त्यांचं मनगट धरलं आणि सेकंदकाट्याकडे बघत मोजलं. बहात्तर. पंचविशीतल्या माणसाची नाडी. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, हाताला सवय. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, आज काय वाचलंत? ते म्हणाले, अग्रलेख. कशावर होता, असं विचारल्यावर म्हणाले, नेहमीचाच होता.

तेवढ्यात मला वास आला. अत्तराचा. खस असावा. हा माणूस लग्नाच्या दिवशीसुद्धा पावडर सोडून काही लावून आला नव्हता. आणि मग माझं लक्ष शर्टाकडे गेलं. पेपर वाचायला माणूस कडक इस्त्रीचा शर्ट घालून जातो का? महिनाभर हा शर्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात होता आणि मला दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळेकर भाऊजींनी कुंपणावरून नेहमीचा प्रश्न विचारला. मी उत्तर न देता उलट विचारलं, वाचनालय दुपारी किती वाजता उघडतं हो? ते म्हणाले, पाचला. बारा ते पाच बंदच असतं.

त्यानंतरचे दोन दिवस माझ्यात दोन बायका भांडत होत्या. एक नर्स आणि एक बायको. नर्स म्हणत होती, आज्जिबात वेळ घालवू नकोस, कार्डिओग्राम काढून घे. बायको म्हणत होती, आधी अत्तर कुणाचं ते बघ, मग काय काढायचं ते काढ. गुरुवारी बायको जिंकली.

हे पावणेचारला निघाले. मी दोन मिनिटांनी पाठोपाठ, डोक्यावरून पदर घेऊन. आमच्या सैदापुरातून कॅनॉलकडे रस्ता जातो, त्या पुलाजवळ हे उभे राहिले. मी रसवंतीच्या आडोशाला. बरोबर चारला एक पांढरी छोटी गाडी आली. चालवायला एक बाई होती, तिशी-पस्तिशीची, गुलाबी ओढणी घेतलेली. पलीकडच्या बाजूला कुणी बसलं होतं का ते मला दिसलं नाही. माझी लांबची नजर अधू आणि चष्मा घरी राहिलेला. पण ती बाई मागे वळून हसली, हे मागचं दार उघडून आत बसले आणि हेही हसले. दात दिसेपर्यंत हसले. छत्तीस वर्षांत स्टँडवर किंवा घरी मी असं हसू बघितलं नव्हतं. गाडी निघून गेली.

तेजूला मी काही सांगितलं नाही. सांगणार काय? त्या रात्री आमटीत मीठ घालायचं राहिलं. यांनी आमटी निमूटपणे खाल्ली. मिठाची तक्रार करत नाही म्हणजे मनात नक्की चोर आहे, असं मी ठरवून टाकलं. ते मुद्दाम नव्हतं असं मात्र शपथेवर सांगणार नाही.

शुक्रवारी मी रिक्षा ठरवली. रिक्षावाला आमच्या आळीतलाच, संपत. त्याला पुलाच्या अलीकडे थांबवून ठेवलं आणि चष्मा पर्समध्ये टाकून आत दडून बसले. चारला गाडी आली, हे बसले, गाडी निघाली. मी म्हटलं, संपत, त्या पांढऱ्या गाडीच्या मागनं घे, फार जवळ जाऊ नको.

लांब राहणं सोपं होतं, कारण पुढची गाडी पळतच नव्हती. सायकली तिला ओलांडून जात होत्या. दोनदा ती रस्त्याच्या मधोमध बंद पडली.  संपत म्हणाला, "काकी, त्या गाडीच्या मागं ह्या चालीनं जायचं म्हंजे रिक्षा तापंल. म्होरं जाऊन थांबू का?" मी त्याला गप्प बसवलं. एका गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. गुलाबी ओढणीवाली बाई उतरली, पर्स काखेला लावली आणि गल्लीत निघून गेली. मी अजून श्वास सोडते आहे तोवर हे मागून उतरले, पुढे गेले आणि त्या बाईच्या जागी, स्टिअरिंगच्या मागे जाऊन बसले.

हे. ज्यांना सायकलवरसुद्धा उजवीकडे वळायची भीती.

गाडी जागची हलेना. मग बेडकासारखी एक उडी मारून बंद पडली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. संपतला हसू आवरेना. "काकी, तुम्ही मागचं वाचलं न्हाई व्हय?" असं त्यानं विचारलं. मी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मागच्या काचेवर लाल रंगात इंग्रजी एल होता आणि खाली लिहिलं होतं, मुलाणी मोटार ट्रेनिंग स्कूल.

ऊसगाड्या उभ्या राहतात त्या मोकळ्या मैदानावर गाडी गेली. मी संपतला पैसे देऊन परत पाठवलं आणि चालत गेले. गाडीच्या काचा खाली होत्या. आतून एक शांत, समजुतीचा आवाज येत होता.

"सायेब, क्लच. न्हाई, त्यो ब्रेक. क्लच डावा. डावा, सायेब. ... आता ह्यो वायपर लावला तुम्ही. पाऊस न्हाई."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. यांनी वर पाहिलं. यांचा पाय कशावर पडला ते देव जाणे, गाडीनं हातभर उडी मारली आणि ती बंद पडली. वायपर चालूच होता. त्याच क्षणी माझ्या पर्समध्ये फोन वाजला. तेजू होती.

"आई, एकशे एक्कावन्न झालेत. कुठे आहेत ते?"

"माझ्यासमोर आहेत," मी म्हटलं. "ठीक आहेत. मी नंतर करते तुला."

शेजारच्या सीटवरून पांढऱ्या दाढीचा एक माणूस उतरला आणि त्यानं सलाम केला. त्याच्याबरोबर खसचा वासही उतरला. "सिस्टर, ओळखलं का? नबीलाल मुलाणी. माझ्या पोरीचं बाळंतपण तुमच्या हातनं झालं." मी ओळखलं. कोयनानगर मार्गावर वीस वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर. आमच्या घरात हे नाव निघायचं ते वेगळ्या कारणानं. एकदा नबीलालनं वेळेच्या चार मिनिटं आधी गाडी बाहेर काढली होती आणि यांनी त्याच्यावर लेखी रिपोर्ट केला होता. पुढं दोघं बरीच वर्षं एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. आता तो निवृत्तीनंतर गाडी शिकवत होता आणि हे त्याचे विद्यार्थी होते.

मी ते आठवून काहीतरी बोलायला गेले, तर नबीलालच हसला. "सिस्टर, सायबांनी मला एकदा चार मिनिटांसाठी लेखी दिलं हुतं. मी त्यास्नी आता रोज चाळीस मिनिटं तोंडी देतो. पर मिनिट कमी करू देत न्हाईत. घड्याळ लावून बसत्यात." मग तो म्हणाला, तुम्ही बोला, मी चहा सांगून येतो, आणि मैदानाच्या कडेच्या टपरीकडे निघून गेला. शहाणा माणूस.

मी नबीलालच्या जागी जाऊन बसले. हे समोर बघत होते. वायपर तसाच चालला होता. मी तो बंद करायला हात पुढं केला, तर कोणतं बटण ते मलाही कळेना. शेवटी यांनीच केला. मी विचारलं, हे माझ्यापासून लपवायचं काय कारण होतं? ते म्हणाले, शिकूनही गाडी आलीच नसती तर? सगळ्या स्टँडवर झालं असतं की थोरवडे साहेबांना गाडी येत नाही. मी म्हटलं, स्टँडवर ते सगळ्यांना माहीतच आहे. 

"कोळेकरांच्या गाडीची किल्ली माझ्याकडे होती," ते म्हणाले.

 कधी, असं मी विचारलं.

"तुझा मुतखडा उठला त्या दिवशी."

तो दिवस मला चांगला आठवत होता. विसरणार कशी? त्याच्या आदल्या वर्षीचा बेंदूर. कोळेकर पाहुण्यांच्या जीपमधून गावाला गेले होते. दुपारी दोनला माझ्या पाठीत कळ उठली आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर पडले. स्वतःचं निदान स्वतःच केलं, कोणतं इंजेक्शन द्यायला पाहिजे तेही ओरडून सांगितलं, फक्त ते द्यायला कुणी नव्हतं. बैलांच्या मिरवणुकीनं रस्ते बंद, रिक्षा सगळ्या गावात अडकलेल्या. हे, थांब आलोच, असं म्हणून बाहेर गेले आणि अर्धा तास आलेच नाहीत. आले ते मांडववाल्याचा टेम्पो घेऊन. तोंड धुतलेलं, केस ओले करून चापून बसवलेले. मी गाद्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांमध्ये बसून दवाखान्यात गेले. बरी होऊन आले आणि त्याचा किस्सा केला. प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीकुंकवाला सांगितला. मी तिकडे मरायला टेकले आहे आणि आमचे हे भांग पाडत आहेत, इथं तर बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. हे घरात असले तर हेही हसायचे.

"किल्ली त्यांनी आपल्याकडे ठेवली होती. दारात पाणी साठलं तर गाडी ढकलून मागं घ्या म्हणून," हे सांगत होते. "मी गाडीत जाऊन बसलो. म्हटलं, इतकी वर्षं बघतो आहे, येईल. किल्ली लावली. चालू पण झाली गं. पुढं काय करायचं ते येईना. बारा मिनिटं बसलो होतो. घड्याळ बघत होतो."

मैदानात दूर दोन कुत्री भांडत होती. त्यांच्याकडे बघत हे म्हणाले, "दिवसाला तीनशे गाड्या सोडायचो मी, कुमुद. एक गाडी फाटकातून बाहेर काढता आली नाही."

मी विचारलं, "आणि तोंड कशाला धुतलं?"

"तुला कळू नये म्हणून."

 वर्षभर तो किस्सा मी याच माणसाच्या समोर बसून सांगितला होता, आणि हसून झालं की ह्यांनीच पाहुण्यांना पाणी दिलं होतं.  मी पट्टा ओढून लावला आणि म्हटलं, "चला. दाखवा किती आलं ते."

हे म्हणाले, नबीलालला येऊ दे. मी म्हटलं, मी आहे ना. वास्तविक मला गाडीतलं काय कळत होतं? पण यांनी ऐकलं. किल्ली फिरवली. डावा पाय दाबला, तोंडानं डावा, डावा असं म्हणत हळूहळू सोडला आणि गाडी उडी न मारता पुढं सरकली. खरंच सरकली. पहिल्याच गियरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं, आम्ही त्या मैदानाला एक पूर्ण फेरी मारली. दुसऱ्या फेरीला मी बाहेर पाहिलं, तर एका हातात चहाचे तीन ग्लास धरून नबीलाल शेजारून पळत होता. "सायेब, ब्रेक. सायेब, आता ब्रेक दाबा," असं तो अगदी हळू आवाजात म्हणत होता, आम्ही दचकू नये म्हणून. आम्ही दोघांनी त्याला हात केला. कडेला उसाच्या पाचटाचा ढीग होता, त्यात गाडीनं अलगद नाक खुपसलं आणि ती आपली आपण थांबली. चहा अर्धा सांडला होता. उरलेला आम्ही तिघांनी वाटून घेतला.

त्या रात्री मी तेजूला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, बाबांची खबर माझ्या फोनवर येते ती बंद करू का, त्यांना चोरून बघितल्यासारखं वाटत असेल. मी यांना विचारलं. हे म्हणाले, राहू दे, फक्त चार ते पावणेपाच बघू नको म्हणावं.

लायसन्सच्या परीक्षेला हे पहिल्यांदा नापास झाले, आणि तेही गाडी चांगली चालवत असताना. आठ आकड्याचं वळण अर्धं झालं होतं. तेवढ्यात मैदानाच्या फाटकात एक एसटी वळताना अडकली. यांनी परीक्षेची गाडी थांबवली, हँडब्रेक लावला, खाली उतरले आणि हातवारे करत त्या बसला मागं-पुढं घेऊन सुखरूप बाहेर काढलं. परत येऊन बसले तर इन्स्पेक्टरसाहेब दुसऱ्या उमेदवाराला हाक मारत होते. नबीलालनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या वेळी त्यानं फाटकावर स्वतः उभं राहून एकही बस वळू दिली नाही. यांना लायसन्स मिळालं. वय त्रेसष्ट.

कोळेकर भाऊजी इतके दिवस माझ्या उत्तरासाठी थांबले होते. एका सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, शेवटचं सांगा वहिनी, घेण्यासारखं आहे का? मी म्हटलं, भाऊजी, घरात लपवण्यासारखं काही नसेल तर जरूर घ्या. त्यांनी आठ दिवस विचार केला आणि चावीचं घड्याळ घेऊन आले. तेव्हापासून कोळेकर वहिनी त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या. एकदा तर हळूच येऊन मला विचारून गेल्या की वाचनालय दुपारी किती वाजता उघडतं.

आम्ही एक जुनी गाडी घेतली. पहिला लांबचा प्रवास साताऱ्याचा, माझ्या नणंदेच्या मुलाच्या साखरपुड्याला. हे स्वतः चालवत घेऊन गेले. महामार्गावर सगळी दुनिया आम्हाला ओलांडून गेली, पण पोहोचलो. जेवणं झाल्यावर सगळे गोल करून बसले होते. नणंद म्हणाली, वहिनी, तो टेम्पोचा किस्सा सांग ना, नव्या व्याह्यांनी ऐकलेला नाही. सगळ्या बायका सरसावून बसल्या. मी म्हटलं, आता नीट आठवत नाही गं. नणंदेला खरं वाटेना. इतक्या वेळा सांगितलेलं कसं विसरतेस, असं ती म्हणाली.

हे पलीकडे पान जुळवत बसले होते. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"मी सांगतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितला. पण किल्लीपासून. कोळेकरांच्या गाडीत जाऊन बसल्यापासून. गाडी चालू कशी झाली, मग कोणतं बटण दाबलं तर वायपर सुरू झाला, कोणतं दाबलं तर हॉर्न वाजला, आतून बायकोच्या हाका येत होत्या आणि गाडीतल्या रेडिओवर शेतीविषयक सल्ला लागला होता, हे सगळं त्यांनी स्टँडवरच्या त्या जुन्या आवाजात, एकेक शब्द सुटा सुटा करून सांगितलं. व्याही तर हसून खुर्चीवरून घसरायला आले. मी हा किस्सा वर्षभर सांगितला होता, पण लोक इतके हसलेले मी कधी पाहिले नव्हते. शेवटी टेम्पो आला, खुर्च्या आल्या, गाद्या आल्या.

तोंड धुतल्याचं मात्र त्यांनी गाळलं, आणि मीही आठवण करून दिली नाही.